छपरावरची मूठ

सर, मूठ अजून छपरावरच आहे.

हे आधी सांगतो, कारण तुम्ही असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता. वर्कशॉपमागच्या पत्र्याच्या शेडवर, तारेच्या टोपलीत, होळी झाल्यावर तुम्ही ठेवली होती तशीच. टोपलीची एक गाठ वाऱ्याने सैल झाली होती. फरहानाने, म्हणजे तुमच्या शेवटच्या पीएचडी विद्यार्थिनीने, ती पुन्हा आवळली. मुठीची जागा हलवली नाही.

तुमच्या निधनाची बातमी आमच्या दैनिकात आली. ती मी लिहिली नाही. नांदेडच्या कार्यालयातल्या तरुण बातमीदाराने लिहिली आणि व्यवस्थित लिहिली. पदव्या, पदे, शोधनिबंध, मार्गदर्शन केलेले विद्यार्थी, सगळे आले. त्यात तुम्हाला ‘मराठवाड्यातील जलद उत्पादन तंत्रज्ञानाचे जनक’ म्हटले आहे. तुम्ही लाल पेनाने ‘जनक’ खोडला असता आणि ‘जलद’वर हसला असता. बातमीत एक गोष्ट राहिली. ज्या माणसाने आयुष्यभर वस्तू झटपट कशी बनवावी हे शिकवले, त्याने ती वस्तू कुणाच्या हातात कधी झटपट दिली नाही. यावर आपण वर्षानुवर्षे भांडलो. भांडण मिटायच्या आधी तुम्ही गेलात. म्हणून हा मजकूर.

इतक्या वर्षांत आपले अहो-जाहो सुटले नाही. तुम्ही मला ‘पत्रकार’ म्हणायचात, मी तुम्हाला ‘सर’. तेच ठेवतो.

आपली ओळख मुदखेड जंक्शनवरची. गाडीला उशीर होता. मी एका सभेचे वार्तांकन करून परतत होतो. बाकावर शेजारी एक सडपातळ माणूस मांडीवर पुठ्ठ्याचे खोके धरून बसला होता आणि ते खाली ठेवायला तयार नव्हता. खोक्यात काय आहे, असे मी विचारले.

“नापास झालेला पंखा,” तुम्ही म्हणालात. “पंपाचा. हैदराबादला परिषदेत दाखवायला नेला होता. तिथं सगळ्यांनी आपापले पास झालेले आणले होते.”

मला तंत्रज्ञानातले काही कळत नाही, असे मी सांगितल्यावर तुम्ही पिशवीतून डबा काढलात. त्यात ज्वारीच्या भाकरींची चवड होती.

“जुनी पद्धत म्हणजे दगड फोडून मूर्ती काढायची. आमची म्हणजे भाकरीवर भाकरी रचत जायची. संगणकावर आकार काढायचा, मशीन त्याचे पातळ थर पाडतं आणि वितळलेल्या प्लास्टिकचा एकेक थर टाकत जातं. साचा लागत नाही. सकाळी मनात आलेली वस्तू संध्याकाळी हातात.”

“मग हा नापास का?”

तुम्ही चवडीवर तळहात ठेवून दाबलेत. “वरून दाबा, काही होत नाही.” मग तीच चवड बाजूने ढकललीत. वरची भाकरी घसरून माझ्या मांडीवर आली. “आडवं ढकललं की थर सुटतात. माझं अख्खं संशोधन या सुटण्यावर आहे.”

मांडीवरची भाकरी मी परत देऊ लागलो, तर तुम्ही तिच्यावर शेंगदाण्याची चटणी घातलीत. “नापास भाकरी खायला हरकत नसते, पत्रकार.”

पुढे नांदेडच्या कॉलेजातल्या तुमच्या प्रयोगशाळेत पाऊल ठेवले, तेव्हा दारातच काचेचे कपाट दिसले. बाकीच्या संस्थांत अशा कपाटात ढाली आणि प्रमाणपत्रे असतात. तुमच्या कपाटात मोडलेले, वाकलेले, चिरलेले तुकडे होते आणि प्रत्येकाखाली तो का मोडला याची एक ओळ. तपासणीला आलेली समिती असो की प्रवेशासाठी मुलीला घेऊन आलेला बाप, आधी ते कपाट. त्यानंतर चालू मशीन. एकदा मी म्हणालो, “सर, पाहुण्यांना आधी काहीतरी चांगलं दाखवा.” तुम्ही म्हणालात, “हेच चांगलं आहे. चाललेलं यंत्र कंपनीच्या माहितीपत्रकात पण दिसतं.”

तुम्ही संथ होता असे कुणी समजू नये. लातूरकडच्या एका साखर कारखान्यात ऐन गाळपात पंपाचा पंखा फुटला. पंप बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. गव्हाणीबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. कारखान्याचा इंजिनिअर पंख्याचे तुकडे पोत्यात घालून तुमच्याकडे आला. तुम्ही तुकडे टेबलावर जुळवलेत, मापे घेतलीत, प्लास्टिकचा नमुना छापलात. लातूरच्या एमआयडीसीतल्या ओतकाम कारखान्यात तो वाळूत दाबून नवा पंखा ओतला गेला. गाड्यांची रांग आणखी वाढायच्या आत पंप चालू झाला. मी मथळा दिला, ‘प्राध्यापकाने वाचवला हंगाम’. सकाळीच तुमचा फोन.

“हंगाम वाचवायला मी काय पाऊस आहे? पंखा बदलला. तेवढंच लिहायचं.”

“तेवढ्याला कुणी वाचत नाही, सर.”

“मग नका छापू.”

हे तुमचे नेहमीचे. कौतुक छापले की तुमचा आवाज चढत असे आणि चूक छापली की चहाला बोलवायचात.

इंदूबाई तुमच्याकडे आल्या त्याला आता काही वर्षे झाली. औशाजवळच्या गावच्या. सोयाबीनची रास करताना मळणी यंत्रात उजव्या हाताची चार बोटे गेली, अंगठा राहिला. लातूरच्या एका डॉक्टरांनी त्यांना तुमचा पत्ता दिला. त्या दिवशी मी योगायोगाने प्रयोगशाळेत होतो. विद्यार्थ्यांनी संगणकावर पाच बोटांचा कृत्रिम हात तयार ठेवला होता, दोऱ्या ओढल्या की मिटणारा. त्यांना तो दाखवायची घाई झाली होती. तुम्ही पडदा बंद करायला लावलात आणि इंदूबाईंसमोर खुर्ची ओढलीत.

“हातानं काय करायचंय, ते सांगा.”

“खुरपायचं,” त्या म्हणाल्या. “डाव्या हातानं खुरपते, पर पात मागं पडती. बाया पुढं जात्यात, मग माघारी येऊन माझी पात काढून देत्यात. कुणी काय बोलत न्हाई. पर किती दिस काढून देत्याल?”

शेतात ओळीने बसलेल्या बायकांत प्रत्येकीच्या वाट्याला खुरपायला येणारा पट्टा म्हणजे पात. सगळ्यांच्या बरोबरीने ती संपवणे, ही इंदूबाईंची मागणी होती. तुम्ही विद्यार्थ्यांना सांगितलेत, “हात नको. मूठ करायची. तळव्याला बसेल, मनगटाला पट्टा, खुरपं अडकवायला खाच.” दोऱ्यांचा हात करणाऱ्या मुलांची तोंडे उतरली. त्यात फरहाना होती. तेव्हा ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती.

पहिली मूठ तयार झाली तेव्हा वैशाख होता. आपण लातूरहून भाड्याच्या जीपने निघालो. औशात किल्ल्याजवळच्या हॉटेलात जेवायला थांबलो. मूठ रुमालात गुंडाळून समोरच्या काचेखाली ठेवली होती. जेवून परत आलो, ड्रायव्हरने रुमाल उचलला आणि म्हणाला, “सर, हे तर वाळल्या भेंडीवाणी झालं की.”

मक्यापासून केलेले ते प्लास्टिक. नांदेडच्या एसी खोलीत दगडासारखे टणक होते. औशाच्या दुपारी, काचेखाली, जेवण होईपर्यंत ते मेणासारखे बसले. खाच मिटली होती, तळवा मुरगळला होता. मी म्हणालो, परत फिरू, नवी करून आणू. तुम्ही ऐकले नाही. तशीच वाकलेली मूठ इंदूबाईंच्या ओसरीवर नेऊन त्यांच्या हातात दिलीत.

“इंदूबाई, ही नापास झाली.”

त्यांनी ती उलटसुलट पाहिली. “माझ्याच्यानं न्हाई ना काय झालं?”

“तुम्ही कुठं हात लावलाय? माझ्यामुळं झालं. मला उन्हाचा विसर पडला.”

“हितल्या माणसाला उन्हाचा इसर?”

“नांदेडला असतो ना आता. एसी आहे.”

“मग बराबर हाय,” इंदूबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

परतीच्या वाटेवर तुम्ही पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचे किल्लारीकडचे बोललात. तुमचे गाव त्याच पट्ट्यातले. भूकंपानंतर तुमचे घर पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. पहिल्या उन्हाळ्यात एका दुपारी पत्र्याला टेकवून ठेवलेली आईची प्लास्टिकची घागर एका अंगाला बसली. आईने तीच कलती घागर पुढे वापरली. “त्या शेडमध्ये काय टिकतं आणि काय टिकत नाही, हे मी अंगावर शिकलो होतो,” तुम्ही म्हणालात. “आणि शिकवणारा झालो तसा विसरलो.” भूकंपात तुमचे कोण गेले, हे तुम्ही सांगितले नाही. विचारणे हा माझा धंदा, तरी मी विचारले नाही. तुम्ही एवढेच बोललात, “पडणारी वस्तू नुसती पडत नाही, पत्रकार. कुणाच्या तरी अंगावर पडते.”

पुढच्या होळीला शेडवर तारेची टोपली चढली. नियम सोपा होता. होळीला वर, मिरगाला, म्हणजे मृगाच्या पावसाला, खाली. जी वस्तू कुणाच्या हातात, पायात, गळ्यात राहणार, तिने आधी मराठवाड्याचा एक उन्हाळा पत्र्यावर काढायचा. रोज ऐन दुपारी तुम्ही शिडी चढून प्रत्येक वस्तूवर अंगठा दाबायचात. दबली की नापास. प्रयोगशाळेत ताण मोजायची यंत्रे होती, उष्णतेची कपाटे होती. त्यांचेही आकडे तुम्ही घेत होता. पण अंगठा चुकवला नाही. पाहुण्यांनाही चढवत होता. परदेशातून आलेला एक संशोधक बूट काढून शिडी चढला आणि अंगठा तोंडात घालून खाली उतरला. त्याने पुढे त्याच्या गावच्या छपरावर हीच पद्धत सुरू केल्याचे तुम्हाला कळवले होते. ते पत्र तुम्ही मला दाखवलेत, छापू दिले नाहीत.

पाटी ‘रॅपिड’ उत्पादनाची, पण विद्यार्थ्यांनी विभागाचे नाव ‘सावकाश विभाग’ ठेवले होते. फरहाना तुमच्या तोंडावर म्हणे, “सर, पाटीवरून ‘रॅपिड’ शब्द तरी काढा. लोक हसून राहिले.”

“हसू दे. बनतं तर रॅपिडच.”

“आणि मिळतं कधी?”

“ते पाटीवर कुठं लिहिलंय?”

मला मात्र तुम्ही कधी शिडीवर चढवू शकला नाहीत. मी बघणारा माणूस आहे, हात लावणारा नाही, असे मी दरवेळी सांगत असे. बातमीदाराने वस्तूला हात लावला की तो साक्षीदार राहत नाही, हे मला माझ्या पहिल्या संपादकांनी शिकवले होते. तुम्हाला ते पटत नसे. “म्हणून तुमच्या बातम्या उन्हाळ्याच्या आधी छापल्या जातात,” तुम्ही म्हणायचात.

इथेच आपले भांडण सुरू होत असे. मधल्या काळात इंदूबाईंसाठी केलेल्या आणखी काही मुठी छपरावरच वाकल्या. इंदूबाई दर मिरगाला नांदेडला येत आणि रिकाम्या हाताने परत जात. मी म्हणायचो, “सर, थोडी कमी टिकणारी असली तरी द्या. चार महिने तर चालेल.” साखर कारखान्याचा दाखला देऊन मी विचारायचो, की तिथल्या पंख्याला उन्हाळा का दाखवला नाहीत.

“तो नमुना होता. वाळूत एकदा दाबला, त्याचं काम संपलं. पुढं सगळं ओतीव. मूठ रोज तिच्या हातात राहणार, आणि पुढं खुरप्याचं पातं आहे. बनवायला घाई करावी, पत्रकार. द्यायला करू नये.”

मग एका वर्षी एक मूठ उन्हाळा काढून खाली आली. नायलॉनची होती. इंदूबाईंनी ती पट्टा बांधून तिथेच अंगणातल्या गवतावर चालवून पाहिली आणि पिशवीत घातली. तो सगळा पावसाळा त्या बायकांबरोबर पातीत बसल्या. श्रावणात मी त्यांच्या गावी गेलो होतो. दुरून कोणती बाई इंदूबाई, ते ओळखता आले नाही. सगळ्या एका ओळीत होत्या. मी तुम्हाला फोन करून एवढेच सांगितले. तुम्ही म्हणालात, “हे मात्र छापा.”

खुरपणी संपता संपता हरळीच्या चिवट गवताच्या मुळीशी झटताना ती मूठ आडवी चिरली. थर सुटले. मुदखेडच्या बाकावरची भाकरींची चवड. तुम्ही स्वतः जाऊन तुकडे आणायला निघालात, मी सोबत होतो. त्यांच्या ओसरीवर तुकडे पाहून तुम्ही नेहमीप्रमाणे म्हणालात, “नापास झाली.”

“नापास म्हणायचं न्हाई, सर,” इंदूबाई तुमच्यावर उखडल्या. “पोरांच्या परीक्षेवाणी काय लावलंय? हिनं अख्खा पावसाळा माझी पात काढलीया. कुणाला माघारी यावं लागलं न्हाई.”

काचेच्या कपाटात ती मूठ ठेवायची वेळ आली तेव्हा तुम्ही तिच्यासाठी वेगळा कप्पा रिकामा केलात. खाली ओळ लिहिलीत, ‘एक पावसाळा पास’. तुमच्या कपाटातली ती एकमेव पास वस्तू. त्या चिरेवर तुम्ही आणि फरहानाने जो शोधनिबंध लिहिलात, तो तुमच्या कामातला सर्वोत्तम मानला जातो, असे जाणकार सांगतात. मला त्यातला एकच परिच्छेद कळला. त्यात तुम्ही हरळी कशी उपटतात, हे इंदूबाईंच्या मनगटाच्या हालचालीवरून लिहिले होते.

छपरावर आता आहे ती त्यानंतरची मूठ. हिचे थर आडवे रचलेले नाहीत, तळव्यापासून खाचेपर्यंत लांबीच्या दिशेने गेले आहेत, म्हणजे आडव्या झटक्याला ते सुटू नयेत. ही रचना फरहानाची, तिच्या प्रबंधाचा विषयच तो. मूठ हिवाळ्यातच तयार झाली. हरभऱ्याची खुरपणी चालू होती. इंदूबाई पुन्हा डाव्या हाताने खुरपत होत्या आणि पुन्हा मागे पडत होत्या. मी तुम्हाला फोन केला. तो आपला शेवटचा फोन ठरला.

“सर, वस्तू तयार आहे, बाईला आज हवी आहे. थांबल्यानंही माणसाचं नुकसान होतं. ते तुमच्या निबंधात कुठं मोजता?”



“ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही, पत्रकार. फोनवर तर नाहीच. नांदेडला या, समोर बसून बोलू.”

मी येतो म्हणालो. नंतर निवडणुकीची धावपळ आली, मग तुमचे दवाखान्याचे सुरू झाले. वहिनींनी नंतर सांगितले, तिथेही दुपार झाली की तुम्ही विचारत होता, “आज किती चढलंय?” नर्स म्हणे, “ताप उतरलाय काका.” तुम्ही नाही म्हणून मान हलवत होता. छपराचे विचारता आहात, हे वहिनींना कळत होते. मग त्या फरहानाला फोन लावून फोन तुमच्या कानाशी धरत.

शोकसभा तुमच्या कॉलेजच्या सभागृहात झाली. पुण्यात, परदेशात असलेल्या विद्यार्थ्यांचे निरोप वाचून दाखवले. बरेच जण चांगले बोलले. मग आयोजकांपैकी एकाने सुचवले, की सरांची शेवटची वस्तू सरांच्या फोटोसमोर इंदूबाईंना द्यावी. इंदूबाई पहाटेची एसटी धरून औशाहून आल्या होत्या, पहिल्या रांगेत बसल्या होत्या. हेतू चांगला होता. सभागृहात काही जणांनी माना हलवल्या.

फरहाना उठून म्हणाली, “अजून उन्हाळा संपला नाही. सर मिरगाच्या आधी उतरवत नव्हते.”

मागून एक वडीलधारे गृहस्थ समजुतीने म्हणाले, “बेटा, सर गेले. आता पुढं हा प्रकल्प राहतो की नाही, कुणी सांगावं. तुझंही शिक्षण संपत आलं. बाईंना आज मिळतंय ते मिळू दे. नंतर कोण देणार?”

सर, तो माझाच युक्तिवाद होता, शब्दसुद्धा जवळजवळ तेच. तो चुकीचाही नव्हता. तुम्ही असताना थांबणे म्हणजे फक्त उशीर होता. तुम्ही नसताना थांबले तर मूठ कधीच न मिळण्याची शक्यता होती.

फरहाना म्हणाली, “मावशींना विचारा.”

इंदूबाई उभ्या राहिल्या. “वस्तू हाय कुठं?”

“मागं, छपरावर.”

“दावा.”

सभा अशी मधेच उठून वर्कशॉपच्या मागे गेली. बाहेर ऊन मावत नव्हते. इंदूबाईंनी उजवा तळवा कपाळाशी धरून वर पाहिले. टोपलीतली काळी मूठ खालून दिसत होती.

“सरांनी मला मिरगाला ये म्हणलं व्हतं.”

“हो मावशी, पण सर नाहीत आता,” ते वडीलधारे गृहस्थ म्हणाले. “मिरगाला इथं काय असेल, नसेल.”

“ते खरं हाय.” त्यांनी कपाळावरचा हात खाली घेतला. “न्हाई मिळाली तर न्हाई मिळाली. पर अर्ध्या उन्हातनं काढून नेली आन पातीत मोडली, तर बाया काय म्हंतील? मेलेल्या माणसानं मोडकी देऊन ठिवली, आसं म्हंतील. ते माझ्याच्यानं ऐकवायचं न्हाई.” मग त्या फरहानाकडे वळल्या. “मिरगाला येते. तवा हितं कोण आसल गं?”

“मी असेन,” फरहाना म्हणाली.

तुम्हाला पूर्ण माहिती हवी असते म्हणून नोंदवतो. फरहानाला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली आहे आणि तिथे मृगाच्या आधी रुजू व्हायचे आहे. सभेच्या दुसऱ्या दिवशी तिने मुदत मागितली. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. ती म्हणते, नाही मिळाली तर रजा टाकून येईन. रुजू झाल्या झाल्या रजा मिळत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. रोज दुपारी अंगठा लावायचे काम तिने चालू ठेवले आहे.

माझा प्रश्न मात्र तसाच आहे, सर. हिवाळ्यात इंदूबाईंची पात मागे पडली ती पडली. ती कुठल्या निबंधात मोजायची, हे इंदूबाईंनी सांगितले नाही. त्यांनी दुसऱ्याच गोष्टीचे उत्तर दिले. इतकी वर्षे मला वाटत होते, थांबायचे तुम्ही ठरवता आणि लोक बिचारे थांबतात. त्या दिवशी तुम्ही नव्हता, कुणी थांबवत नव्हते, आणि मूठ हाताशी होती. तरी त्या थांबल्या. एखाद्या माणसाच्या कामाबद्दल मी याहून मोठे काही ऐकलेले नाही. हे तुम्हाला समोर बसून सांगायचे होते. तुम्ही हसून म्हणाला असता, मोठे-बिठे लिहू नका, बाई थांबली एवढेच लिहा. तर तेवढेच लिहितो. बाई थांबली.

लोक चहाला गेले. मी टिपणे पुरी करत तिथेच उभा होतो. इंदूबाई जवळ आल्या.

“तुमी काय लिवलालाव?”

“सरांबद्दल.”

“मुठीचं बी?”

“हो.”

“ते आत्ताच लिवू नगा. आजून पास न्हाई झाली ती,” असे म्हणून त्या चहाकडे गेल्या. तुमच्या शाळेत बाईंचे शिक्षण बरेच झाले आहे.

शिडी भिंतीला लावलेली होती. सभेच्या गडबडीत त्या दिवसाचा अंगठा राहिला होता. फरहानाने शिडीला हात घातला, तेव्हा मी तिला म्हणालो, “आज मी चढतो.” तिने माझ्याकडे पाहिले. माझी वही हातात घेतली आणि शिडी धरून उभी राहिली.

वरच्या पायरीवरून पत्र्याची धग तोंडावर येते, हे तुम्ही कधी सांगितले नव्हते. टोपलीत ती एकच वस्तू होती. मी तिच्या खाचेजवळ अंगठा ठेवला आणि जोराने दाबला. अंगठा भाजला. मूठ दबली नाही.

“काय झालं?” फरहानाने खालून विचारले.

“तापलीय,” मी म्हणालो.

“आणि?”

“मिरगाला सांगतो.”